रूट केलं, तरी जागा काहून वाढत नाही?

ऑगस्ट-सप्टेंबरात ई-पीक पाहणीचं अ‍ॅप अपडेट मागतं आणि घरातला जुना फोन ‘पुरेशी जागा नाही’ म्हणून हात वर करतो. पीएम किसानची ई-केवायसी, कापूस सीसीआयला (कापूस महामंडळाला) द्यायचा तर ‘कपास किसान’, बँकेचं अ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप, एवढंच ठेवायचं म्हटलं तरी १६ जीबीचा फोन काठोकाठ भरतो. मग गावातलं एखादं हुशार पोट्टं सांगतं, “रूट करून टाका भाऊ, कंपनीचे अ‍ॅप उडवले की मस्त जागा होते.” फोन रूट होतो, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीत हात घालायचा पूर्ण हक्क मिळतो, कंपनीचे वीस अ‍ॅप उडतात आणि स्टोरेजचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

यात पोट्ट्याची चूक एवढीच, की त्यानं फोनमधली सगळी जागा एकच धरली. ती एक नाही.

(फोल्डरांची नावं आणि कमांड इथं उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. फोनमध्ये त्या इंग्रजीत दिसतील. कमांड लहान अक्षरांत टाइप करायच्या, फोल्डरांची काही नावं मात्र मोठ्या अक्षरांतही असतात.)

धुऱ्यापलीकडची जागा

आधी डब्यावरचा आकडा. कंपनी १६ जीबी म्हणजे १६ अब्ज बाइट मोजते, तर फोनचे बरेच हिशेब १०२४ च्या पटीत चालतात. त्या मापानं १६ चे १४.९ होतात, ३२ चे २९.८ आणि ६४ चे ५९.६. इथं कोणी काही चोरलेलं नसतं, मोजमाप वेगळं एवढंच.

या १४.९ चे पुढं विभाग पाडलेले असतात, म्हणजेच पार्टिशन. बूट, रिकव्हरी, सिस्टम, व्हेंडर, जुन्या फोनमध्ये कॅश, आणि शेवटी यूजरडेटा. २०१७ च्या अखेरीस ४,९९९ रुपयांना आलेला रेडमी ५ए आजही खेड्यांत बऱ्याच घरी सापडतो. २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज. अशा फोनमध्ये यूजरडेटाच्या वाट्याला साधारण १० जीबी येतात. तुमचे अ‍ॅप, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं या १० मध्ये. बाकीची जागा सिस्टमची. वावरात मधोमध धुरा (बांध) असावा तसं हे आहे: पलीकडच्या तुकड्यातलं तण तुम्ही कितीही उपटा, अलीकडं एक ओळही जास्त पेरता येत नाही.

कंपनीचे अ‍ॅप सिस्टम विभागात बसलेले असतात. ते रूट करून उडवले, तर सिस्टम विभागात जागा मोकळी होते आणि ती तिथंच पडून राहते. यूजरडेटाला तिचा काडीचा उपयोग नाही. मॅजिस्क या रूटच्या साधनाच्या मॉड्यूलनं (जोडभागानं) ‘उडवले’ असतील तर तेवढीही होत नाही. मॅजिस्क सिस्टमला हात न लावता वरून पडदा टाकतं. अ‍ॅप दिसत नाही, फाइल मात्र जागच्या जागी. अँड्रॉइड १० सह किंवा त्यानंतर बाजारात आलेल्या फोनमध्ये सिस्टम, व्हेंडर वगैरे ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या पार्टिशनच्या पोटात असतात आणि बऱ्याच फोनमध्ये ते असे बांधलेले असतात की रूट असूनही त्यात लिहिता-खोडता येत नाही. तिथं सिस्टममधून अ‍ॅप उडवायचा नाद सोडलेला बरा.

मग कंपनीच्या अ‍ॅपांमुळं जागा जातच नाही का? जाते, पण वेगळ्या वाटेनं. प्ले स्टोअरला सिस्टम विभागात लिहिता येत नाही. त्यामुळं यूट्यूब, क्रोम, मॅप्स, गूगल यांचं अपडेट आलं की नवी प्रत यूजरडेटात उतरते. सिस्टममध्ये जुनी प्रत, डेटात नवी, म्हणजे एकच अ‍ॅप दोनदा. शिवाय त्या अ‍ॅपचा स्वतःचा डेटा आणि कंपाइल केलेला (फोनला लवकर चालवता यावा म्हणून तयार करून ठेवलेला) कोड हेही डेटातच. अशी चार-पाच अ‍ॅप मिळून एक-दीड जीबी सहज खातात.

ही जागा परत घ्यायला रूट लागतच नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप उघडा, वरच्या तीन टिंबांत ‘अपडेट अनइन्स्टॉल करा’, मग ‘डिसेबल’. क्रम महत्त्वाचा आहे. नुसतं डिसेबल केलं आणि फोननं अपडेट काढायचं विचारलंच नाही, तर डेटातली प्रत तशीच राहते. डिसेबलचं बटण राखाडी असेल तर संगणकाला जोडून एडीबीवरून (संगणकावरून फोनला कमांड द्यायचं साधन) ‘पीएम अनइन्स्टॉल’ ही कमांड ‘--यूजर ०’ सकट द्यायची. तीही बिनारूटची चालते. आणि रूट असलेल्यांची नेहमीची घोडचूक: अपडेट न काढता सिस्टममधली मूळ फाइलच खोडणं. फोन चालू झाला की अँड्रॉइडला डेटातली प्रत सापडते, तो तिला साधं अ‍ॅप मानतो आणि अ‍ॅप पुन्हा समोर हजर.

जुन्या फोनमध्ये, म्हणजे अँड्रॉइड ४ ते ६ च्या काळातल्या, एक उलटी युक्ती चालायची आणि अजून चालते. सिस्टम विभागात जागा रिकामी असेल तर डेटातलं अपडेट उचलून सिस्टममधल्या जुन्या प्रतीच्या जागी बसवायचं. टायटॅनियम बॅकअप आणि लिंकटूएसडी या दोन्ही अ‍ॅपांत ही सोय होती. कंपनीचे नको ते अ‍ॅप खोडून झालेली जागा इथं कामी येते. पण सिस्टममध्ये निदान ५० एमबी मोकळे ठेवा, आणि सिस्टम बदलल्यावर कंपनीचं ओटीए (नेटवरून येणारं) अपडेट बसणार नाही हे धरून चाला. अँड्रॉइड ५ पासून ओटीए पूर्ण पार्टिशन तपासून बघतं. एक फाइल इकडची तिकडं झाली तरी नाकारतं.

म्हणून फक्त जागेसाठी फोन रूट करायचा असेल तर करू नका, असंच आमचं मत. रूटसाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा, कुलूप असलेला भाग) उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, आणि नंतर यूपीआय, बँकेचे अ‍ॅप ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणून दारातच अडवू शकतात. ज्याच्या खात्यात अनुदान येतं त्याला हा व्यवहार महागात पडतो. फोन आधीच रूट केलेला असेल, किंवा कस्टम रॉम (कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकलेला मिळाला असेल, तर मात्र पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे. कारण रूटचा खरा फायदा खोडण्यात कमी आणि बघण्यात जास्त आहे.

आधी बघा, मग हात लावा

सेटिंग्जमधला स्टोरेजचा रंगीत पट्टा फार विश्वासाचा नाही. ज्याचा हिशेब त्याला लागत नाही ते सगळं तो ‘सिस्टम’ किंवा ‘इतर’च्या नावावर टाकतो. सिस्टम १२ जीबी दाखवतंय म्हणून लोक घाबरतात. त्यातले कितीतरी जीबी कोणत्या तरी बॅकअपचे असतात.

टर्मक्स (कमांड द्यायचं अ‍ॅप) टाका, त्यात ‘सू’ लिहून रूटची परवानगी द्या. पहिली कमांड ‘डीएफ -एच /डेटा’. एकूण किती, वापरलं किती, उरलं किती, हे एका ओळीत कळतं. दुसरी ‘डीयू -एम -डी १ /डेटा’, म्हणजे डेटातल्या प्रत्येक फोल्डरचा आकार एमबीमध्ये, एकच पायरी खोल. पुढं उभी रेघ देऊन ‘सॉर्ट -एन’ जोडलं की सगळ्यात मोठं फोल्डर शेवटी येतं. ते फोल्डर घ्या, त्याच्यावर हीच कमांड पुन्हा चालवा. असं तीन-चार पायऱ्या उतरलं की जागा खाणारा सापडतोच. कमांडचा कंटाळा असेल तर एसडी मेड एसई हे अ‍ॅप रूट परवानगीसह हेच काम चित्रासारखं दाखवतं.

इथं एक खड्डा आहे आणि त्यात पडलेल्यांचे फोटो परत आलेले नाहीत. रूट फाइल मॅनेजरमध्ये ‘एसडीकार्ड’, ‘स्टोरेज/एम्युलेटेड/०’ आणि ‘डेटा/मीडिया/०’ अशी तीन ठिकाणं दिसतात. तिन्हींत तेच फोटो, तेच व्हिडिओ. माणसाला वाटतं तीन-तीन प्रती झाल्यात, दोन काढून टाकू. डुप्लिकेट शोधणारे अ‍ॅप रूट परवानगी मिळाली की हाच गोंधळ घालतात आणि अभिमानानं सांगतात, “८ जीबी डुप्लिकेट सापडले!” प्रत्यक्षात ती एकच जागा आहे, नावं तीन. एका नावानं खोडलं की तिन्हीकडून गेलं. तीच गत ‘डेटा/डेटा’ आणि ‘डेटा/यूजर/०’ यांची. शंका असेल तर एका ठिकाणी रिकामं फोल्डर तयार करा आणि दुसरीकडं जाऊन बघा. तिथंही उगवलं तर जागा एकच.

काय खोडायचं

रूट किंवा रॉमवाल्या फोनमध्ये पहिला संशय टीडब्ल्यूआरपीच्या (अँड्रॉइड सुरू न करता रॉम आणि बॅकअप हाताळणारी ‘रिकव्हरी’) बॅकअपवर घ्या. रॉम टाकण्याआधी कोणी तरी शहाणपणानं पूर्ण बॅकअप घेतलेला असतो, आणि तो फोनच्याच स्टोरेजमध्ये, टीडब्ल्यूआरपी नावाच्या फोल्डरात, बॅकअप्समध्ये, फोनच्या सीरियल नंबरखाली पडून असतो. सिस्टम आणि डेटा मिळून ३ ते ६ जीबी. दहापैकी पाच जीबी एका बॅकअपनं खाल्ले तर बाकी काय करणार? तो पेनड्राइव्हवर हलवा. पुढच्या वेळी बॅकअप घेतानाच ‘सिलेक्ट स्टोरेज’मध्ये ओटीजी (फोनला जोडलेला पेनड्राइव्ह) किंवा कार्ड निवडा. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. टीडब्ल्यूआरपी स्वतः तुकडे करतं, म्हणून बॅकअपला अडचण नाही, पण एखादी मोठी व्हिडिओ फाइल अडकते.

दुसरं, डाउनलोड फोल्डरमधल्या रॉमच्या आणि जीअ‍ॅप्सच्या (गूगलच्या अ‍ॅपांचा संच) झिप. एकेक रॉम ५०० एमबी ते दीड जीबी. नेटची रेंज बेतास बात असलेल्या गावात ती पुन्हा उतरवायला रात्र जाते, म्हणून खोडू नका, पेनड्राइव्हवर ठेवा. रॉम आपोआप अपडेट होणारं असेल तर ‘डेटा/ओटीए_पॅकेज’ किंवा अपडेटरचं फोल्डर बघा. उतरलेलं पण न बसलेलं अपडेट तिथं सापडतं.

तिसरी गोष्ट खेड्यातल्या फोनमध्ये जास्त दिसते. अ‍ॅप उतरताना किंवा बसताना मध्येच रेंज गेली, बॅटरी संपली, फोन बंद झाला, की ‘डेटा/अ‍ॅप’ या फोल्डरात ‘व्हीएमडीएल’ने सुरू होणारी आणि ‘.टीएमपी’नं संपणारी अर्धवट फोल्डरं मागं राहतात. अँड्रॉइड ती कालांतरानं साफ करतो, पण जागाच संपली असेल तर त्यालाही ते नीट जमत नाही. प्ले स्टोअरमध्ये काहीही उतरत नसताना, फोन एकदा बंद-चालू करून मगच ही फोल्डरं खोडा. प्रत्येकात १००-२०० एमबी निघाले तर नवल नाही. लक्षात घ्या, ८० एमबीचं अ‍ॅप बसवायला ८० एमबी पुरत नाहीत. उतरवलेली फाइल, उघडलेल्या लायब्ररी, कंपाइल केलेला कोड मिळून दुप्पट-अडीचपट जागा लागते. त्यामुळंच ‘३०० एमबी शिल्लक असताना अ‍ॅप का बसत नाही’ हा प्रश्न पडतो. त्यात भर म्हणजे एकूण जागेच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, यातला जो आकडा लहान असेल त्याच्या खाली गेलं की अँड्रॉइड ‘जागा कमी’ची अवस्था जाहीर करतो. १० जीबीच्या डेटाला दोन्ही आकडे जवळपास तेच पडतात. म्हणजे खरी शून्य रेघ ५०० एमबीवर आहे असंच समजा.

व्हॉट्सअ‍ॅप. ‘सुप्रभात’चे फोटो सगळ्यांना माहीत आहेत, ते काढायला कोणाला शिकवावं लागत नाही. न दिसणाऱ्या दोन जागा मात्र बघा. एक, मीडियामधल्या प्रत्येक फोल्डरातलं ‘सेंट’ हे उपफोल्डर: तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओची दुसरी प्रत इथं बसते, मूळ प्रत कॅमेऱ्याच्या फोल्डरात असतेच. दोन, ‘डेटाबेसेस’ फोल्डर. रोज रात्री चॅटचा बॅकअप होतो आणि सात दिवसांपर्यंतच्या फाइल जमतात. ज्याच्या फोनवर गावाचे, गटाचे, बियाणं दुकानाचे मिळून पन्नास ग्रुप आहेत, त्याची एकेक फाइल १००-१५० एमबीची असू शकते. नावात तारीख असलेल्या फाइल खोडा, बिनातारखेची एक ठेवा. ती सगळ्यात ताजी असते. अँड्रॉइड ११ पासून हे सगळं ‘अँड्रॉइड/मीडिया’च्या आत गेलंय, त्याआधी स्टोरेजच्या तोंडाशीच होतं. स्टोरेजच्या तोंडाशी जुनं व्हॉट्सअ‍ॅप फोल्डर अजून दिसत असेल तर त्यात काय उरलंय ते उघडून बघा.

खोडूनही जागा मोकळी होत नसेल तर ती बहुधा टोपलीत आहे. अँड्रॉइड ११ नंतर बऱ्याच अ‍ॅपांत खोडलेला फोटो ‘.ट्रॅश्ड’ने सुरू होणाऱ्या लपलेल्या नावानं ३० दिवस तिथंच राहतो. फाइल मॅनेजरमध्ये ‘लपलेल्या फाइल दाखवा’ चालू करा. त्याच वेळी कॅमेऱ्याच्या डीसीआयएम फोल्डरमधलं ‘.थंबनेल्स’ फोल्डरही बघून घ्या. अँड्रॉइड ४-५ च्या फोनमध्ये यातली ‘.थंबडेटा’ नावाची एकच फाइल फुगत फुगत जीबीपर्यंत जाते. खोडली तरी काही बिघडत नाही.

‘डेटा/टूम्बस्टोन्स’, ‘डेटा/एएनआर’ आणि ‘डेटा/सिस्टम/ड्रॉपबॉक्स’ हे फोन अडखळल्याच्या नोंदींचे खिसे आहेत. आतल्या फाइल खोडा, फोल्डर राहू द्या. कच्च्या रॉमवर एखादं अ‍ॅप सारखं पडत असेल तर इथं शेकडो एमबी जमतात, आणि खोडूनही पुन्हा भरत असेल तर दोष जागेचा नाही, त्या अ‍ॅपचा किंवा रॉमचा.

कॅशबद्दल थोडक्यात. क्लीनर अ‍ॅप जी ‘१.२ जीबी कचरा’ म्हणून दाखवतात ती बहुतेक कॅश असते, दोन दिवसांत पुन्हा भरते, आणि क्लीनर स्वतः जागा खातो ते वेगळंच. जागा तातडीनं हवी असेल, म्हणजे आत्ता अ‍ॅप बसवायचं असेल, तर ‘पीएम ट्रिम-कॅशेस ९९९जी’ ही कमांड सगळ्या अ‍ॅपांची कॅश एका झटक्यात काढते. टीडब्ल्यूआरपीतलं ‘वाइप डाल्विक’ही तसंच: कोड पुन्हा कंपाइल होतो आणि जागा परत जाते. कायमचं काही हवं तर क्वचित उघडणाऱ्या अ‍ॅपचा कंपाइल केलेला कोड ‘सीएमडी पॅकेज कंपाइल --रीसेट’ आणि पुढं पॅकेजचं नाव, असं देऊन काढता येतो. अ‍ॅप उघडायला थोडं हळू होतं, जागा वाचते. अँड्रॉइड ७ पासून हे चालतं.

हात लावू नये अशी ठिकाणं: ‘डेटा/सिस्टम’चा बाकीचा भाग, ‘डेटा/मिस्क’, आणि ‘डेटा/डेटा’मधली कोणत्याही अ‍ॅपची आतली फाइल. पहिल्या दोन्हींत लॉक, चाव्या, वायफाय, परवानग्या आहेत; एक फाइल गेली तर फोन पिन स्वीकारत नाही. तिसऱ्याचा त्रास जरा वेगळा. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप हा एक वेगळा मालक असतो आणि त्याच्या फाइलींवर त्याचीच मालकी असते. रूट फाइल मॅनेजरनं फाइल दुसरीकडं हलवून परत आणली, तर मालकी रूटची होते. अ‍ॅपला स्वतःचीच फाइल उघडता येत नाही आणि ते उघडताक्षणी बंद पडतं. अ‍ॅपचा डेटा हलवायचाच तर स्विफ्ट बॅकअप किंवा निओ बॅकअप वापरा, ते मालकी नीट लावतात. अ‍ॅपच्या फाइली काढून ठेवताना हेही बघा की ती एकच एपीके (अ‍ॅप बसवायची फाइल) आहे की तुकड्यांत आहे. हल्ली बरीच अ‍ॅप तुकड्यांत येतात. नुसती ‘बेस’ फाइल जपून ठेवली तर ती बसतच नाही, किंवा बसून पडते.

कार्ड घालून भागतं का?

भागतं, पण कोणत्या पद्धतीनं, यावर सगळं अवलंबून आहे.

साधं, पोर्टेबल कार्ड फोटो-व्हिडिओ-गाण्यांसाठी उत्तम. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागा कार्डावर वळवा, झालं. अ‍ॅपची अडचण त्यानं सुटत नाही.

अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, कार्डाला फोनच्याच स्टोरेजमध्ये सामील करून घ्यायची सोय आली. कार्ड पूर्ण पुसलं जातं, एन्क्रिप्ट होतं आणि त्याची चावी फोनच्या आत, डेटा विभागात, राहते. कंपनीनं ही सोय लपवली असेल तर एडीबीवरून ‘एसएम लिस्ट-डिस्क्स’ देऊन कार्डाचा नंबर बघायचा आणि ‘एसएम पार्टिशन’ पुढं तो नंबर आणि ‘प्रायव्हेट’ लिहायचं. ‘मिक्स्ड ३०’ लिहिलं तर ३० टक्के कार्ड साध्या वापराला राहतं, ७० टक्के अ‍ॅपला. आकडा १० ते ९० च्या मध्ये हवा. आधी ‘एसएम सेट-फोर्स-अ‍ॅडॉप्टेबल ट्रू’ द्यावं लागू शकतं.

रॉम बदलणाऱ्यांनी इथं थांबून वाचावं. रॉम टाकताना तुम्ही टीडब्ल्यूआरपीत ‘फॉरमॅट डेटा’ करता तेव्हा ती चावीही जाते. कार्ड ठणठणीत असतं, डेटा जिथल्या तिथं असतो, आणि उघडायला जगात कोणाकडं काही नसतं. आधी सेटिंग्जमधून सगळं परत फोनवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, कार्ड पुन्हा पोर्टेबल करा, मग रॉम. टीडब्ल्यूआरपीतलं साधं ‘स्वाइप टू फॅक्टरी रीसेट’ फोनमधले फोटो राखतं, ‘फॉरमॅट डेटा’ काहीच राखत नाही; दोन बटणं एकाच पानावर आहेत.

अँड्रॉइड ४ ते ६ च्या रूट फोनला लिंकटूएसडीची जुनी पद्धत अजून सगळ्यात किफायती. कार्डावर दोन पार्टिशन करायची, दोन्ही प्रायमरी: पहिलं फॅट३२, दुसरं ईएक्सटी४. ३२ जीबीच्या कार्डाला दुसऱ्यासाठी ८ पुरे, बाकीचं पहिल्याला. लिंकटूएसडी दुसरं पार्टिशन विचारेल, ईएक्सटी४ सांगा, फोन बंद-चालू करा, मग एकेक अ‍ॅप निवडून त्याची मुख्य फाइल, डाल्विक फाइल आणि लायब्ररी लिंक करा, म्हणजे फाइल कार्डावर जाते आणि फोनमध्ये तिचा पत्ता उरतो. पहिलं पार्टिशन यासाठी चालत नाही, कारण फॅटला मालकी आणि लिंक या दोन्ही गोष्टी समजत नाहीत. कीबोर्ड, लाँचर, अलार्म आणि पैशाचे अ‍ॅप लिंक करू नका. फोन चालू होताना कार्ड उशिरा जोडलं जातं आणि ही अ‍ॅप तेवढा वेळ हरवतात. बाइंड माउंटनं (एक फोल्डर दुसऱ्याच्या जागी जोडून) मोठी फोल्डरं कार्डावर वळवायची पद्धतही आहे, पण अँड्रॉइड ११ पासून स्टोरेजची रचना बदलल्यानं ती इतकी रुसते की वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कार्ड कोणतं? अ‍ॅप चालवायचे तर पाकिटावर ‘ए१’ लिहिलेलं बघा. त्याचा अर्थ सेकंदाला किमान १५०० छोटी वाचनं आणि ५०० छोटी लेखनं. ‘क्लास १०’ हा फक्त सलग लिहिण्याचा वेग आहे. व्हिडिओसाठी तो ठीक, पण अ‍ॅपला त्यातून काही कळत नाही. आठवडी बाजारात दीडशे रुपयांत ‘१२८ जीबी’ मिळालं तर ते १२८ नाहीच. असं कार्ड आकडा खोटा सांगतं. खरी ८ किंवा १६ जीबी भरली की पुढचं लिहिलेलं जुन्यावर चढतं किंवा हवेत जातं. संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रामनं पूर्ण भरून, परत वाचून बघितल्याशिवाय त्यावर काही ठेवू नका. आणि मे महिन्यात, चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४५ च्या वर असताना, ट्रॅक्टरच्या पत्र्यावर किंवा मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत फोन तापत ठेवला, तर पहिलं मरतं ते बहुधा कार्ड.

पार्टिशन पाडणं, रॉम टाकणं ही कामं लॅपटॉपवर करा. डेस्कटॉपवर करत असाल आणि मध्येच लाइन गेली, तर अर्धवट लिहिलेलं सिस्टम पुन्हा फास्टबूटमधून (संगणकावरून फोनचे विभाग लिहायची सोय) टाकता येतं; बूटलोडर किंवा फर्मवेअर लिहिताना गेली तर फोन उठत नाही. याच कारणानं फोनच्या मूळ पार्टिशनचेच आकार बदलून यूजरडेटा वाढवायच्या भानगडीत पडू नये. होतं ते, काही मॉडेलवर. दीड-दोन जीबीसाठी फोनचा जीव पणाला लावायचा, एवढाच प्रश्न आहे.

भरलेला फोन हळू का होतो

फ्लॅश स्टोरेजला लिहिण्याआधी जुना ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक हाताशी असले की काम भराभर होतं. नसले की प्रत्येक वेळी उचल-ठेव करून जागा करावी लागते. अँड्रॉइड ४.३ पासून फोन निवांत आणि चार्जिंगला असताना ‘एफएसट्रिम’ चालवून कोणते ब्लॉक रिकामे झाले ते चिपला कळवतो. बरेच लोक फोन रात्री बंद करून चार्जिंगला लावतात, त्यामुळं ही वेळ येतच नाही. रूट असेल तर मोठी साफसफाई झाल्यावर ‘एफएसट्रिम -व्ही /डेटा’ एकदा हातानं चालवा. १० जीबीच्या डेटात निदान एक जीबी कायम मोकळा ठेवला तर फरक दिसतो.

फोन लोगोवर अडकला

डेटा पूर्ण, म्हणजे शून्यापर्यंत भरला की अँड्रॉइडला चालू होतानाच्या स्वतःच्या नोंदी लिहिता येत नाहीत आणि फोन लोगोवर फिरत राहतो. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं: फॉरमॅट. टीडब्ल्यूआरपी असेल तर त्याआधी हे करा.

रिकव्हरीत जा, पिन विचारला तर द्या. माउंटमध्ये डेटावर टिक आहे का बघा. आकडे ० एमबी दिसत असतील, फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांची असतील, तर डेटा उलगडलेला नाही. त्या रिकव्हरीला तुमच्या रॉमचं एन्क्रिप्शन कळत नाही, नवी आवृत्ती किंवा ऑरेंजफॉक्स ही दुसरी रिकव्हरी वापरून बघा. उलगडला असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड, फाइल मॅनेजर, ‘डेटा/मीडिया/०’, आणि आधी टीडब्ल्यूआरपीचं बॅकअप फोल्डर किंवा रॉमची झिप पेनड्राइव्हवर घेऊन खोडा. तसं काही सापडलं नाही तर ‘डेटा/डाल्विक-कॅश’ आणि ‘डेटा/सिस्टम/पॅकेज_कॅश’ यांच्या आतलं खोडा. दोन्ही फोन स्वतः पुन्हा तयार करतो. पाचशे-सहाशे एमबी झाले की रीबूट. पहिल्यांदा चालू व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, घाईनं बटण दाबू नका.

ही वेळ येण्याआधीची तजवीज साधी आहे. ३०० एमबीचा कोणताही निरुपयोगी व्हिडिओ फोनच्या स्टोरेजमध्ये ‘खोडायचा’ अशा नावानं ठेवून द्या. कार्डावर नाही, फोनमध्येच. अडकलात की रिकव्हरीतून तोच पहिला उडवायचा, बाकी काही शोधत बसावं लागत नाही. फोन उठल्यावर साफसफाई करून तेवढ्याच आकाराची दुसरी फाइल तिथं परत ठेवायची.